मदत हवी आहे : मूळ मेंटेनरचा मान राखून जबाबदारी कशी वाटून घ्यावी?

मंडळी, ओपन सोर्समध्ये प्रत्यक्ष काम केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

मी फावल्या वेळात एका छोट्या लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) काम करतो. देवनागरी मजकूर शोधण्याआधी एकसारखा करून देणं, एवढंच तिचं काम. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. हे कोडं ज्यांनी सोडवलं ते सर, म्हणजे मूळ मेंटेनर, आजही एकट्याने रेपो (कोडचं कोठार) सांभाळतात. नोकरी करून, एक पैसा न घेता. आम्ही काही जण पॅच (कोडमधले बदल) पाठवतो. ते मूळ कोडमध्ये मर्ज, म्हणजे सामील, तेच करतात, रिलीजही (नवी आवृत्ती) तेच काढतात.

मध्यंतरी एका नव्या मुलाने चांगली पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) पाठवली. या अर्ध्या र चं रूप डिफॉल्टमध्येच (काही न निवडता जे आपोआप मिळतं त्यात) बदलायचं असं तिच्यात होतं. सरांनी नकार दिला : ज्या साइटींनी जुन्या रूपावर इंडेक्स (शोधासाठीची सूची) बांधलेत त्यांचा शोध गुपचूप बंद पडेल, म्हणून पर्याय द्या, डिफॉल्टला हात लावू नका. माझ्या मते त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. त्यावर उत्तर आलं, 'तुम्हाला वेळ नसेल तर बाजूला व्हा, प्रोजेक्ट अडवू नका.' खाली भराभर अंगठे पडले. सरांनी काहीही न लिहिता रिक्वेस्ट बंद केली. तेव्हापासून रिलीज नाही, कुठल्याही इश्यूवर (नोंदवलेल्या अडचणीवर) उत्तर नाही.

मला ते फार लागलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या कामावर आपण उभे आहोत त्यांच्याशी असं बोलतात का? पण सगळा भार एकाच माणसावर आहे हेही खरं, आणि ते त्यांच्यासाठीही बरं नाही.

माझं घोडं एक्सझेडच्या (फाइल दाबून छोट्या करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) उदाहरणापाशी अडतंय. २०२२ मध्ये त्याच्या मेंटेनरवर मेलिंग लिस्टवरून असाच दबाव आला होता : तुम्ही संथ आहात, दुसऱ्याला हक्क द्या. आपली मानसिक प्रकृती बरी नाही आणि हा बिनपगारी छंद आहे, असं त्यांनी सांगूनही लोक थांबले नाहीत. मदतीला आलेल्या 'जिया टॅन'कडे हळूहळू हक्क गेले आणि ५.६.० व ५.६.१ मध्ये मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, म्हणून ते पकडलं गेलं. आता मी सरांना 'हक्क वाटा' म्हटलं तर ते त्या दबाव आणणाऱ्यांपेक्षा वेगळं कसं वाटेल? फोर्क करायची (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट काढायची) माझी इच्छा नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

आधी त्या रिक्वेस्टच्या धाग्यावर उघडपणे लिहा की सरांचा निर्णय बरोबर होता आणि का. तुम्हाला पटलं होतं, पण ते त्यांना दिसलं कुठे? अंगठे तेवढे दिसले.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं आठवा. जुलै २०१८ मध्ये पेप ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरून इतकी जुंपली की तो मंजूर झाल्यावरही भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी नेतृत्व सोडलं. एवढं भांडून निर्णय घ्यायचा आणि वर लोकांचा तिरस्कार झेलायचा, हे त्यांना नको झालं होतं. वारसही नेमला नाही. मग लोकांनीच नियम लिहिले : पाच जणांची निवडून आलेली समिती, एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त नकोत. २०१९ च्या पहिल्या समितीत स्वतः गुइडोही निवडून आले. नियम बदलले म्हणून त्यांचा मान गेला नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त मान म्हणजे मुकाट्याने ऐकणं नव्हे. डेबियन या लिनक्स प्रकल्पात दरवर्षी नेता निवडतात, तरी पॅकेजमधला (त्यातल्या एकेका सॉफ्टवेअरमधला) तांत्रिक निर्णय त्या पॅकेजच्या मेंटेनरचाच असतो आणि नेत्याचा निर्णय डेव्हलपर मतदानाने फिरवू शकतात. हे सगळं त्यांच्या संविधानात लिहून ठेवलंय, त्यामुळे मतभेद झाला की माणसावर चढाई करावी लागत नाही.

एक्सझेडची भीती रास्त आहे. म्हणून हक्क मागूच नका, काम मागा. इश्यू वर्गवारी, रिव्ह्यू (आलेला कोड तपासणं), चेंजलॉग (बदलांची नोंद). मर्जचे हक्क कधी आणि कोणाला द्यायचे ते सरांनीच ठरवावं. आणि हे जाहीर इश्यूवर नको, खासगीत लिहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सरांच्या निर्णयाच्या बाजूने त्या रिक्वेस्टवर आत्ताच लिहून आलो. जुना इंडेक्स कसा तुटतो ते दाखवणारी टेस्टही जोडली. त्या मुलालाही वेगळं लिहिलंय. त्याचा कोड चांगला आहे, पर्याय म्हणून घालायला मी बसेन त्याच्याबरोबर.

सरांना पाठवायचा मजकूर असा :

'सर, नमस्कार. डिफॉल्टबद्दलचा तुमचा निर्णय मला पटला होता, तेव्हाच जाहीर लिहायला हवं होतं. उत्तराची घाई नाही. उघड्या इश्यूंपैकी कोणते आधी बघू तेवढं सांगितलंत तर मी रिव्ह्यू करून ठेवतो, मर्ज तुम्ही सवडीने करा. पुढे काही काम कायमचं कोणाकडे सोपवावंसं वाटलं तर कोणाकडे, हे तुम्हीच ठरवा.'

शेवटचं वाक्य ठेवू की काढू? उद्या सकाळी पाठवेन म्हणतो.

प्रतिसाद २

काढा. पहिल्या पत्रात तेवढंही ओझं नको. दोन-तीन रिव्ह्यू होऊ देत, मग बोला.