घरगुती डब्याच्या व्यवसायातून प्लॅस्टिक कसं काढायचं?

डबेवाली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी कर्वेनगरात घरूनच जेवणाचे डबे देतो. सध्या 45 डबे जातात. निम्म्याहून जास्त हॉस्टेलच्या आणि पीजीच्या मुली, बाकी दोन ऑफिसं आणि काही एकटे राहणारे आजी-आजोबा. चार पोळ्या, सुकी भाजी, रस्सा किंवा उसळ, वरण-भात असं जेवण.

भाजी-वरण काळ्या प्लॅस्टिकच्या गोल डब्यांतून जातं, पोळ्या फॉइलमध्ये आणि सगळं मिळून एका पिशवीत. एका जेवणामागे पॅकिंगला 9 रुपये पडतात. पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंनी मला समोरच्या हॉस्टेलची बादली दाखवली. वरणाचा थर वाळलेले आमचेच डबे होते. "हे धुऊन घेतलं तरी भंगारवाला हात लावत नाही," म्हणाल्या. त्या रोज ते हाताने वेगळं करतात. आमच्या स्वयंपाकाची शेवटची अवस्था अशी असावी, हे मला अजिबात मान्य नाही.

एका घाऊक दुकानातून ‘बायो’ पिशव्या आणल्या. त्यावर हिरवं पान छापलंय, बाकी काहीच नाही. त्या खरंच विरघळतात का? उसाच्या चोथ्याचे डबे घ्यावेत का? की सरळ स्टीलवर जावं? स्टीलचे डबे परत येतील का, ही जावेची मोठी काळजी आहे. आणि रोजची पाच-सहा किलो सालं-देठं निघतात, त्यांचं घरच्या घरी काय करता येईल? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

सांगलीकर_मावशी

ताई, मी सांगलीत विश्रामबागेला मेस चालवते. बसून जेवणारे वेगळे, पण डबेही बरेच जातात, आणि ते सगळे स्टीलचे. तेव्हा मनापासून सांगते, स्टीलच घ्या. एकदा वापरून टाकायच्या एका वस्तूऐवजी दुसरी टाकायची वस्तू आणली, तर त्या ताईंच्या बादलीतलं ओझं तेवढंच राहतं.

आधी पिशव्यांचं. खरी कंपोस्ट होणारी पिशवी असेल तर तिच्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं, आयएस 17088 हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. नुसत्या हिरव्या पानाला काही अर्थ नाही. आणि खरी पिशवीसुद्धा कंपोस्टच्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत नीट कुजते, आपल्या गच्चीवरच्या ड्रममध्ये ती महिनोन् महिने तशीच दिसेल. काळ्या डब्यांचं म्हणाल तर आपल्या राज्याची प्लॅस्टिकबंदी 2018 पासून आहे आणि एकदाच वापरायचे खाण्याचे डबे-वाट्या तिच्या यादीत होत्या. पहिला दंडच 5,000 रुपये. म्हणजे तुम्हाला हे कधीतरी बदलावंच लागणार होतं.

उसाच्या चोथ्याची भांडी चांगली असतात, आमच्या साखरपट्ट्यात तर सहज मिळतात. पण गरम रस्सा तासभर ठेवला की बुडाला ओल येते. ती मी फक्त अचानक आलेल्या सुट्या ऑर्डरला वापरते. कागदी वाट्या घेऊ नका, आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आणि कोणी सुचवलं तरी पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका. शाईतलं शिसं आणि रसायनं अन्नात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच ते करू नका असं सांगितलंय.

आता डबे परत येण्याचं. मुंबईचे डबेवाले 1890 पासून हेच करताहेत. भरलेला डबा जातो, रिकामा त्याच दिवशी घरी परत येतो. आपल्याला दुपारी परत जाणं जमत नाही, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन डबे धरायचे. आजचा द्यायचा, कालचा आणायचा. दोन्हींवर एकच नंबर: 17 अ आणि 17 ब. हा नंबर रंगाने लिहू नका, घासून घासून जातो. भांड्याच्या दुकानात नाव घालून देतात ना, त्या मशीनने कोरून घ्या, आणि डब्याच्या प्रत्येक खणावर आणि झाकणावर घ्या. झाकणं अदलाबदल झाली की डबा नीट बसत नाही आणि सगळा रस्सा पिशवीत. तुळशीबागेत भांड्यांची इतकी दुकानं आहेत, एकगठ्ठा घेतलेत तर कोरणावळ बहुतेक धरणार नाहीत.

अनामत घ्याच. मी 400 घेते. ते पैसे वेगळ्या डब्यात, म्हणजे वेगळ्या खात्यात ठेवा, खर्चात धरू नका. परत द्यायचे आहेत. नियम एकच ठेवलाय: रिकामा डबा दारात आला नाही तर तिसरा डबा मिळत नाही, घरातलं भांडं घेऊन खाली यायचं. पोरं पहिल्या आठवड्यात कुरकुरतात, मग स्वतःच रात्री डबा दाराबाहेर ठेवतात. फक्त दिवाळी आणि परीक्षा संपते तेव्हा लक्ष ठेवा. डबे बॅगेत बसून गावाला जातात. चार दिवस आधी प्रत्येकाला मेसेज टाकायचा.

रस्सा सांडण्यावर उपाय सांगते. चार खणांच्या डब्यात तो थेट ओतू नका. झाकणाला आतून सिलिकॉनची रिंग असलेली छोटी बसकी डबी मिळते, त्यात रस्सा, तोही पाऊण भाग, आणि ती डबी खणात. पूर्ण भरली की वाफेने झाकण उचलतं. पोळ्यांना फॉइल नको. जुन्या सुती साडीचे किंवा पंचाचे हातभर चौकोन शिवून घ्या. कापड वाफ शोषून घेतं, म्हणून पोळी ओलसर चिकट होत नाही आणि दुपारी दोनलाही मऊ लागते. आमच्या गिऱ्हाइकांनी सगळ्यात जास्त कौतुक याचंच केलं.

हिशेब करून बघा. 9 रुपयांनी महिन्याचे 26 दिवस, 45 डबे, म्हणजे 10,530 रुपये तुमचे दर महिन्याला कचऱ्यात जातात. 90 डबे आणि वर सहा जादा, एक 380 ला धरला तर 36,480. घासायला बाई ठेवलीत आणि तिला 3,000 दिलेत, तरी पाच महिन्यांत डबे फिटतात. तिला कमी देऊ नका, तिच्यावरच हे सगळं चालतं.

जलमित्र_नाशिक

मावशी, सगळं पटलं, पण पाण्याचं काय? 45 डबे म्हणजे खण, झाकणं, डब्या धरून तीनशेच्या आसपास भांडी रोज घासायची. मार्च-एप्रिलमध्ये टँकरवर असलेल्या सोसायटीत हे पर्यावरणाला धरून आहे का? मी विरोध म्हणून विचारत नाही, मला खरंच उत्तर हवंय.

सांगलीकर_मावशी

रास्त प्रश्न आहे. नळाखाली घासलं तर पाणी खूप जातं, म्हणून नळ बंदच ठेवायचा. गिऱ्हाइकाने डबा विसळून द्यायचा हा नियम पहिल्या दिवशी सांगायचा, वाळलेल्या वरणाला तिप्पट पाणी लागतं. आमच्याकडे तीन घमेली असतात. पहिल्यात खरकटं सुटतं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात कढत पाणी. तिसऱ्याचं पाणी थंड झालं की दुसऱ्या दिवशी तेच पहिल्या घमेल्यात. साबणाला रिठ्याचं पाणी आणि थोडा सोडा. तेलकट खण आधी राखेने किंवा चाळलेल्या कोंड्याने पुसून घेतो, तो कोंडा कुजवायला जातो. उन्हात उपडे घालून वाळवले की वास राहत नाही. पाणी लागतं हे खरंच, पण या पद्धतीने नळाच्या मानाने फारच कमी.

पानगळ

ओल्या कचऱ्याचं मी सांगतो, पुण्यातच गच्चीवर करतो. पाच-सहा किलोला भोकं पाडलेले मोठे ड्रम घ्या, किमान दोन. एक भरत असताना दुसरा पिकतो. सालं-देठं बारीक चिरून टाका, कोबीचा अख्खा दांडा महिनाभर तसाच राहतो. एक थर ओल्याचा की त्यावर दुप्पट थर वाळलेल्या पाल्याचा. सुरुवातीला आंबट ताक शिंपडलं तरी पुरे, विरजणासारखं काम करतं. मुठीत दाबून बघा: हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. दर तीन-चार दिवसांनी खालवर करायचं. वास आला म्हणजे ओल जास्त झाली किंवा हवा कमी पडली, लगेच पाला वाढवा.

खरी अडचण पावसाळ्यात येते. जुलैत तुम्हाला कोरडं पान कुठेच मिळणार नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला पानगळीचे ढीग झाडून जाळतात ना, तिथेच पोती भरून आणा. जमेल तेवढा पाला जिन्याखाली कोरडा ठेवला की पावसाळ्यात अडत नाही, आणि तो जाळला जाण्यापासूनही वाचतो.

उरलेला भात, पोळ्या, पीठ ड्रममध्ये जास्त टाकू नका, उंदीर येतात. जागा असेल तर त्याच्यासाठी छोटा बायोगॅस जास्त बरा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या, पाण्याच्या दोन टाक्यांतली एक दुसरीत उपडी बसवून घरगुती संयंत्र तयार केलं. त्याला 2006 मध्ये पर्यावरणपूरक ऊर्जेसाठी दिला जाणारा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पिठूळ खरकटं त्याला फार चालतं, शेणावर अवलंबून राहावं लागत नाही. लिंबाची आणि संत्र्याची सालं मात्र बाजूला काढा. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, तीन महिने बंद बाटलीत (पहिला महिना रोज झाकण सैल करायचं). ओटा आणि फरशी पुसायला उत्तम द्रव होतो.

डबेवाली_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊ शेजारी बसून वाचतेय, तिला कापडी चौकोन फार आवडले, तिने आईच्या जुन्या साड्या काढल्यासुद्धा. दोनच शंका. एकदम सगळ्या गिऱ्हाइकांना बदलावं की थोडं थोडं? आणि शनिवारी आम्ही वडे करतो, त्या तळणीच्या तेलाचं काय करावं?

सांगलीकर_मावशी

आजी-आजोबांपासून सुरू करा. ते घरीच असतात, डबा हातोहात परत देतात, आणि त्यांना स्टीलच हवं असतं. महिनाभरात तुमचा नंबरांचा आणि घासण्याचा हात बसेल. मग ऑफिसं. हॉस्टेलच्या मुलींना जूनमध्ये, नव्या वर्षाचे पैसे भरतानाच अनामत सांगा. चालू महिन्यात मध्येच मागितलीत तर नाराज होतात, आणि ते योग्यच आहे.

तेल लहान कढईत, लागेल तेवढंच घ्या. एकदा तळलेलं गाळून दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला नको. तळून तळून तेलात जी घातक द्रव्यं साठतात त्यांची मर्यादा 2018 पासून 25 टक्के ठरवलेली आहे, पण घरी आपल्याला ते मोजता येत नाही. फेस यायला लागला किंवा रंग काळपट झाला की ते बाद. मोरीत ओतू नका, बाटलीत साठवा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या योजनेत वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलला देणारे नोंदणीकृत लोक आहेत. एकट्या घरासाठी ते येणार नाहीत, तेव्हा गल्लीतल्या वडापाववाल्याला आणि फरसाणवाल्याला सोबत घ्या.

आणि डबे घेताना सिलिकॉनच्या रिंगा पन्नासेक जादा मागून घ्या. डबा वर्षानुवर्षं टिकतो, रिंग आधी जाते, आणि त्याच मापाची नंतर मिळत नाही.