नुमाच्या वर्षाचा तक्ता: ३५४ की ३५५, आणि जादा दिवस कुठे?

सुरसागर:
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनवर्गाला दिवाळीच्या सुट्टीत कालगणनेवर तक्ते लावायचे आहेत. त्यातला एक रोमच्या दुसऱ्या राजाचा, नुमा पोम्पिलियसचा. भिंत १० फूट रुंद, ५ फूट उंच मिळते. महिने ३० आणि २९ असे आलटूनपालटून धरले तर वर्ष ३५४ दिवसांचं होतं, पुस्तकांत मात्र ३५५ दिलंय. शिवाय जादा महिना डिसेंबरनंतर काढायचा की फेब्रुवारीनंतर? आणि बाजूच्या चौकटीत नुमाबद्दल काय लिहिलं तर कुणी बोट ठेवणार नाही?

पंचांगवाचक:
३०-२९ ची आलटापालट रोममध्ये नव्हतीच, म्हणून बेरीज चुकतेय. परंपरेनं सांगितलेला हिशेब असा. पहिला राजा रोम्युलस याच्या वर्षात मार्च ते डिसेंबर असे १० महिने. मार्च, मे, क्विन्टिलिस (पुढचा जुलै) आणि ऑक्टोबर ३१ दिवसांचे, बाकीचे सहा ३० चे. १२४ अधिक १८०, म्हणजे ३०४. उरलेला हिवाळा कुठल्याच महिन्यात धरलेला नाही. नुमानं ५० दिवस घातले, झाले ३५४. मग ३० च्या सहा महिन्यांतून एकेक दिवस काढला. ते ६ आणि हे ५० मिळून ५६, त्यांचे जानेवारी आणि फेब्रुवारी, २८-२८ चे. शेवटी जानेवारीला एक दिवस वाढवून २९ केले. एकूण ३५५.

हा शेवटचा दिवस सम संख्या अशुभ मानत असल्यामुळे आला. आता १२ विषम संख्यांची बेरीज समच येणार, म्हणून वर्ष विषम ठेवायचं तर एक महिना सम ठेवणं भागच होतं. ते फेब्रुवारीच्या वाट्याला आलं, कारण तो शुद्धीचा आणि पितरांचा महिना. मुलांना ही बेरीज स्वतः करायला लावा. चार महिने ३१ चे, सात २९ चे, एक २८ चा: १२४ + २०३ + २८.

मांडवी:
आखणीचं सांगतो. १३ रकाने ठेवा, प्रत्येकी ९ इंच. ११७ इंच होतात, १० फुटांत बसतं. उभ्या ३१ ओळी दीड-दीड इंचाच्या, म्हणजे साडेशेहेचाळीस इंच. उरलेल्या साडेतेरा इंचांत वर मथळा, तळाशी महिन्याची एकूण दिवससंख्या. १३ वा रकाना जादा महिन्याचा, २७ दिवसांचा. ही माझी कल्पना नाही. इटलीत अँझिओला भिंतीवर रंगवलेलं ज्युलियस सीझरच्या सुधारणेपूर्वीचं कॅलेंडर सापडलंय, त्यात अगदी हीच रचना आहे.

जादा महिना काढलाय शेवटी, पण तो पडायचा फेब्रुवारीत. इथे बहुतेक तक्ते चुकतात. फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेला तोडायचा आणि तिथून २७ दिवसांचा महिना सुरू. फेब्रुवारीचे कापलेले ५ किंवा ४ दिवस त्यातच मुरतात, म्हणून वर्ष ३७७ किंवा ३७८ चं होतं. कुणी पूर्ण २८ लिहून पुढे २७ जोडतो आणि बेरीज ३८२ वर जाते. फेब्रुवारीच्या रकान्यात २३ आणि २४ खाली लाल रेघ मारा, बाण १३ व्या रकान्याकडे न्या.

दिवसांसमोर ए ते एच ही आठ अक्षरं ओळीनं लिहायची, दर आठ दिवसांच्या बाजारासाठी. महिना बदलला तरी क्रम तोडायचा नाही. ताळा असा: १ जानेवारीला ए, १ फेब्रुवारीला एफ, १ मार्चला बी, २९ डिसेंबरला सी. नाही आलं तर मध्ये कुठेतरी अक्षर गळालंय.

पहिला रकाना जानेवारीचाच ठेवा, अँझिओच्या भिंतीवरही तसंच आहे. मार्च जुना वर्षारंभ, आणि कॉन्सल, म्हणजे रोमचे दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला पदावर येऊ लागले ते इ.स.पू. १५३ पासून. दोन वर्षारंभ बडोद्यात समजावायला कष्ट नाहीत. गुजराती शेजाऱ्यांचं साल कार्तिकात बदलतं, आपलं चैत्रात.

सुरसागर:
आपला अधिकमास अख्खा महिना असतो. यांनी २२-२३ दिवसच का वाढवले?

पंचांगवाचक:
आपला महिना चंद्राला बांधलेला, म्हणून घालायचा तर पुराच घालावा लागतो. १९ वर्षांत ७ अधिकमास. रोमचे ३१ चे महिने चंद्रापासून केव्हाच सुटले होते, तेव्हा हवा तेवढा तुकडा घालता येत होता. नुमाचं चरित्र लिहिणारा ग्रीक लेखक प्लुटार्क, त्याचा हिशेब सोपा: सौर आणि चांद्र वर्षात ११ दिवसांचा फरक, दोन वर्षांचे २२. रोमन इतिहासकार लिव्ही मात्र नुमानं १९ वर्षांचं चक्र बसवलं असं सांगतो. दोघांचं जमत नाही, म्हणून २२-२३ च्या खाली 'नुमाची रीत' न लिहिता 'प्रजासत्ताकातली रीत' लिहा.

शिवाय ती रीतही सदोषच. ३५५ + ३७७ + ३५५ + ३७८ = १४६५, हवेत १४६१. चार वर्षांत चार दिवस जास्त. त्यावर उपाय म्हणून २४ वर्षांत २४ दिवस गाळायचे असं नंतरच्या काळातला रोमन लेखक मॅक्रोबियस लिहितो. पण खरा घोळ गणिताचा नव्हता. जादा महिना घालायचा की नाही हे पाँटिफ, म्हणजे रोमचे वरिष्ठ पुरोहित, ठरवायचे. मर्जीतल्या माणसाचं पद लांबवायला घालायचे, नावडत्याचं आटोपायला गाळायचे. शेवटी सीझरनं इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं केलं: ३५५, फेब्रुवारीत २३, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये ६७.

रावपुरा:
चौकटीबद्दल. मथळ्यातच 'परंपरेनुसार' लिहा, म्हणजे पुढच्या प्रत्येक वाक्याला शेपूट लावावं लागणार नाही. क्युरेस गावचा सॅबाइन (रोमशेजारच्या जमातीचा), राज्य इ.स.पू. ७१५ ते ६७२, ४३ वर्षं. या काळात जेनस या दारांच्या देवाच्या मंदिराची दारं मिटलेली राहिली. दार उघडं म्हणजे युद्ध चालू. त्यानंतर ती मिटली कार्थेजशी झालेल्या पहिल्या प्युनिक युद्धानंतर, इ.स.पू. २३५ मध्ये, आणि पुढे ऑगस्टसच्या काळात तीनदा. ही ओळ मोठ्या अक्षरांत टाका, नुमाची कीर्ती कशावर उभी आहे ते यातून कळतं.

वेस्टल कुमारिका (वेस्टा देवीचा अग्नी राखणाऱ्या) घ्यायच्या तर आकडा जपून. प्लुटार्क म्हणतो सुरुवातीला दोन, मग चार. सहा नंतर झाल्या. सेवा ३० वर्षं: १० शिकायची, १० करायची, १० शिकवायची. 'नुमानं सहा नेमल्या' असं छापलेलं दिसतं, ते घेऊ नका.

पायथागोरसचा शिष्य ही गोष्ट गाळाच. पायथागोरस शंभराहून जास्त वर्षं नंतरचा, हे खुद्द लिव्हीनंच सांगितलंय. त्याऐवजी इ.स.पू. १८१ ची हकिगत घ्या, ती जास्त रंजक. रोममधल्या जनिक्युलम टेकडीखाली शेतात दगडी पेट्या निघाल्या. नुमाचं नाव असलेल्या पेटीत काहीच नाही, दुसरीत ग्रंथ, लिव्हीच्या मते ७ लॅटिन आणि ७ ग्रीक. प्लुटार्क १२-१२ म्हणतो, म्हणून आकड्याशेजारी लिव्हीचं नाव हवंच. धर्माला बाधक ठरवून सिनेटनं ते जाळायला लावले. ग्रंथ अगदी नव्यासारखे दिसत होते असंही वर्णन आहे, तेव्हा त्या काळची बनावट असल्याचा संशय अभ्यासक घेतात. कॅलेंडरचा पुरावा म्हणून मात्र त्यांचा उल्लेख करू नका; त्यांत पाँटिफांचे नियम आणि तत्त्वज्ञान होतं एवढंच सांगितलंय.