रॉकेलचा जुना घडीचा स्टो पेट्रोलवर चालेल का?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. काकांकडचा एक घडीचा पितळी स्टो माझ्याकडे आलाय. टाकीवर 'प्रायमस' आणि 'स्वीडन' कोरलंय, पाय सुटे होतात, सगळा स्टो एका पत्र्याच्या डब्यात बसतो. टाकीत पाव लिटरच्या जरा वर तेल मावतं. पितळ ठणठणीत आहे, कुठे चेपलेलं नाही.

चैत्रात आमच्या गल्लीतली मंडळी पायी सप्तशृंगीला निघतात, धुळे-मालेगाव-देवळा-कळवण करत. वाटेत भंडारे असतात, जेवणाची चिंता नाही. पण सोबत वयस्कर माणसं आहेत. पहाटे निघण्याआधी त्यांना गरम पाणी, चहा आणि एखाद्या वेळी मऊ खिचडी लागते. अडचण आहे रॉकेलची. आमच्याकडे रेशनवर ते मिळेनासं झालंय. एक गॅरेजवाला म्हणाला, निपल (बर्नरवरचं बारीक भोकाचं तोंड, जिथून तेलाची वाफ बाहेर येते) बदल आणि पेट्रोल टाक, मस्त चालेल, पंप तर हायवेला जागोजागी आहेत. कोणी हे केलंय का? निपल कोणत्या मापाचं लागेल?

सातपुड्याची वाट (शहादा)

पेट्रोलचं माहीत नाही, पण तोरणमाळला मुक्कामाला जातो तेव्हा मी असाच स्टो डिझेलवर चालवतो. चालतो. काकडा दोनदा पेटवून बर्नर चांगला तापू द्यावा लागतो, नाहीतर पिवळा जाळ आणि धूर. भांड्याचं बूड काळं होतं आणि चहाला थोडा वास लागतो. पिन जवळ ठेवा, निपल सारखं तुंबतं.

पारोळ्याचे नाना

बोरीकाठ भाऊ, पेट्रोल अजिबात टाकू नको. पारोळ्याच्या बाजारात आमचं स्टो दुरुस्तीचं दुकान होतं, हयात त्यातच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निपलचं माप राहू दे, आधी हा स्टो विझवतात कसा ते बघ. तुझ्या स्टोला जाळ कमी-जास्त करायची चावी नाही. टाकीवर हवेचा छोटा स्क्रू आहे. तो सैल केला की फुस्स करून हवा सुटते, दाब उतरतो आणि जाळ बसतो. टाकीत रॉकेल असेल तर त्या हवेत पेटण्यासारखं फारसं काही नसतं. पेट्रोल असेल तर बाहेर येते ती पेट्रोलची वाफ, आणि येते कुठे, तर पेटत्या बर्नरपासून वीतभर अंतरावर. म्हणजे जाळ कमी करायला किंवा विझवायला स्क्रूला हात लावशील तिथेच भडका. शेजारी म्हातारी माणसं पांघरूण घेऊन बसलेली असणार.

दुसरी गोष्ट तापण्याची. बर्नर टाकीच्या बरोबर डोक्यावर आहे, टाकी तापतेच. पेट्रोलचा हलका भाग ४० अंशाच्या आसपासच उकळायला लागतो. पंप न मारता दाब चढत जाईल, आणि तुझ्या झाकणाला तो सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. पेट्रोलवर चालणारे जुने स्वीडिश स्टो आहेत, स्वेआ १२३ किंवा ऑप्टिमस ८आर. त्यांना चावी असते आणि टाकीच्या झाकणातच सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. ते मुळातच त्या तेलासाठी घडवलेले आहेत.

गॅरेजवाल्याचं निपलचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. प्रायमसचाच ओम्निफ्युएल म्हणून नवा स्टो आहे, त्याला गॅससाठी ०.४५, पेट्रोलसाठी ०.३७ आणि रॉकेल-डिझेलसाठी ०.२८ मिलिमीटरचं निपल लावतात. पण त्याची तेलाची बाटली बर्नरपासून लांब, नळीच्या टोकाला असते आणि जाळाला वेगळी चावी असते. आपल्या स्टोचा नमुना १८९२ मध्ये लिंडक्विस्टनं स्टॉकहोमला काढला, तो रॉकेलसाठी. त्याचं निपल बदललं म्हणून टाकी लांब जात नाही.

शहादेकर भाऊंचं डिझेल जाळायला चालतं, पण बर्नर खातं. रॉकेल ३०० अंशापर्यंत सगळं उडून जातं. डिझेलचा जड भाग ३६० अंशापर्यंत रेंगाळतो आणि बर्नरच्या नळ्यांतच करपतो. असा बर्नर उतरवून लाकडावर ठोकला की आतून काळ्या खपल्या पडतात. पिन फक्त निपलचं भोक मोकळं करते, नळीतल्या कोळशापर्यंत ती पोचत नाही. इतक्या जुन्या बर्नरला मी तरी डिझेल पाजणार नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

नाना, मनापासून आभार. स्क्रूची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. मग पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन? का सरळ छोटा गॅस घेऊ?

रंगाचं दुकान (भुसावळ)

मिनरल टर्पेंटाइन रॉकेलच्या जवळचंच असतं, पण सुटं घेऊ नका. सुट्या मालात थिनर मिसळलेला असू शकतो, आणि लाकडाच्या पॉलिशला वापरतात तो एनसी थिनर पेट्रोलइतकाच चटकन पेटतो. नुसतं बघून फरक कळत नाही. मी दुकानदार असूनही जाळायला टर्पेंटाइन देत नाही.

पारोळ्याचे नाना

भुसावळकरांशी शंभर टक्के सहमत.

गॅसचं म्हणशील तर सोबत सामानाची गाडी असेल तर पाच किलोचा छोटू सिलिंडर आणि एक शेगडी घे, म्हाताऱ्यांची सोय चोख होईल. पण भरलेला सिलिंडर दहा किलोच्या वर जातो, खांद्यावर नेण्याची वस्तू नाही ती. आणि गॅसची नळी या स्टोच्या बर्नरला जोडून देतो असं कोणी म्हणालं तर देऊ नको.

स्टोच न्यायचा असेल तर त्याला त्याचं रॉकेलच दे. रेशनचं निळं रॉकेल गेलं, तरी बिनअनुदानाचं पांढरं रॉकेल विकत मिळतं. कंपन्यांच्या रॉकेल डीलरकडे विचार, धुळ्यात किंवा जळगावात चौकशी कर. भाव जास्त पडेल, पण तुला लागणार किती? एका भरणीत तासभर आरामात जळतो. दोन वेळचा चहा-पाणी धर, पाच लिटरचा डबा यात्रेला पुरून उरेल. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा घे आणि सावलीत ठेव. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश असावा असा नियम आहे, आणि आपल्या खान्देशात चैत्रातलं दुपारचं ऊन त्याच्या पुढे जातं. त्या उन्हात तापलेल्या डब्याचं झाकण पेटत्या स्टोजवळ उघडू नको. पेटता स्टो भरायचा नाही, आणि तंबूत किंवा बंद खोलीत लावायचा नाही.

निघण्याआधी टाकी तपास. रिकामी कर, वाळव, झाकण आवळ, स्क्रू बंद कर. बर्नर काढून त्या नळीला बूच मार, चार-पाच पंप मार आणि बादलीत बुडव. बुडबुडा झाकणापाशी आला तर वॉशर बदलला की झालं. सांध्याला किंवा बुडाला आला तर तो स्टो पेटवायचा नाही, मग पितळ कितीही चकचकीत असो.

पंप मारताना जोर लागत नसेल तर चामडी वॉशर वाळलाय. तो काढून रात्रभर गोड्या तेलात भिजत घाल, सकाळी कडा बोटाने बाहेर फाकवून परत बसव. निपल काढायला निपलची चावीच वापर, पक्कड लावू नको, पितळेचे आटे लगेच जातात. नवा वॉशर मिळाला नाही तर जुन्याचं माप इथे टाक, माझ्याकडे काही शिल्लक आहेत, अमळनेरला येणाऱ्या एसटीने पाठवून देतो.