बिअर शॉपीत नळाची बिअर पार्सल देता येईल का?

शॉपी_राजारामपुरी
मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत आमची बिअर शॉपी आहे, लायसन वडिलांच्या नावावर. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्यानं तिथल्या दुकानाचा व्हिडिओ पाठवला. फ्रिजशेजारी नळांची रांग, गिऱ्हाईक रिकामी तपकिरी बाटली घेऊन येतंय, पोरगं क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीतली) भरून झाकण लावून देतंय. त्या बाटलीला ग्राउलर म्हणतात, ६४ औंसांचा, म्हणजे जवळजवळ १.९ लिटर. लई आवडलं. पुण्यातनं केग, म्हणजे बिअरचे पिंप, आणून दोन नळ बसवावेत म्हणतोय. वडील म्हणतात, "हाय ते धड इक."

तळघरवाला
मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पुण्यात ब्रुअरीत तळघर सांभाळतो. मालक, आधी लायसन काढून वाचा. तुमचं एफएल-बीआर-२ सीलबंद मालाचं. केग उघडून भरून देणं त्यात बसत नाही. आपल्याकडं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ग्राउलरमधनं पार्सलची मुभा मिळाली ती मायक्रोब्रुअऱ्यांना, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्यांना, शॉपीला नव्हे.

आता परवानगी बाजूला ठेवू. नळाखाली बाटली धरली आणि भरली, असं केलं तर बिअर मेलीच. आधी बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा हुसकायची, मग तळापर्यंत नळी घालून दाबाखाली सावकाश भरायची. बाटली गार नसेल तर निम्मा फेसच गटारात. गळ्याशी जागा सोडायची, कारण मे महिन्यात डिकीत तापली तर काच फुटते. काच तपकिरीच हवी; पांढऱ्या काचेतनं ऊन लागलं की हॉप्सला, म्हणजे बिअरला कडवटपणा नि वास देणाऱ्या फुलांना, घाण वास सुटतो. आणि पंधरवड्याला कॉस्टिकनं नळ्या धुणार कोण? न धुतलेल्या नळाची बिअर मी फुकट दिली तरी पीत नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धार काढून ग्लास हातात देतात, तो माणूस तिथंच उभ्यानं संपवतो. नळाची बिअरही त्याच जातीची. झाकण उघडलं की एक-दोन दिवसांत संपवा, नाहीतर गोडसर पाणी.

उद्यमनगर_टर्नर
नळ बसवायचा एसएसचा टॉवर, खाली सांडलेलं धरायचा ड्रिप ट्रे सगळं करून देतो भावा, ते टेन्शन घेऊ नको. पण खपणार कुणाला? आमच्या शॉपवरची पोरं शनिवारी एकच मागतात: स्ट्राँग, आणि ती पण चिल्ड.

शॉपी_राजारामपुरी
ताराबाई पार्कातलं, आयटीतलं गिऱ्हाईक पण येतं की. एका केगमध्ये किती ग्राउलर बसतात?

तळघरवाला
३० लिटरचा केग, फेस-नासाडी वजा जाता चौदा-पंधरा. दोन नळ म्हणजे तीसभर ग्राउलर, तेही माल ताजा आहे तोवर खपले पाहिजेत. एकेकाला जवळजवळ दोन लिटर! तीन दोस्त जमल्याशिवाय कोण नेईल?

त्यापेक्षा फ्रिजचा एक कप्पा क्राफ्टच्या कॅनला द्या. माल उतरवून घेताना उत्पादनाची तारीख बघा. आयपीए, म्हणजे जास्त हॉप्सची बिअर, जुनी झाली की हॉप्सचा वास जातो, कडवटपणा तेवढा उरतो. सेल्समन नेमकी तीच आधी खपवतो. उन्हात आलेला खोका तिथंच परत करा. विकताना वय २१ च्या वर आहे का बघा, कॉलेजची पोरं क्राफ्टच्या नावानं हटकून येतात.

शॉपी_राजारामपुरी
कप्पा आजच रिकामा करतो. तारखेचं सेल्समनला सांगितलं तर म्हणाला, "साहेब, आजवर कुणी बघितली नाही."

उद्यमनगर_टर्नर
म्हणजे टॉवरचं ड्रॉइंग करू का नको?