जावा: उबंटूवर मॅक ॲड्रेस नल का येतो?

प्रश्न – बिलबुक

नमस्कार मंडळी. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधायचं आहे, म्हणून मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) वाचतोय. जावा १७. आधी इनेटॲड्रेस.गेटलोकलहोस्ट(), त्यावरून नेटवर्कइंटरफेस.गेटबायइनेटॲड्रेस(), शेवटी गेटहार्डवेअरॲड्रेस(). विंडोजवर सहा बाइट मिळतात, उबंटूवर थेट नल (रिकामं मूल्य). विंडोजच्या एका लॅपटॉपवर डॉक (केबलने जोडायचा जादा पोर्टांचा डबा) लावला की पत्ताच बदलतो. आणि छापताना मध्येच 'एफएफएफएफएफएफई४' असलं काहीतरी येतं. कोड गंडलाय की पद्धतच चुकीची?

उत्तर – लूपबॅक

दोन्ही. आधी नल. उबंटू आणि डेबियनच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि आयपीच्या जोड्यांची फाइल) मशीनचं नाव बहुधा १२७.०.१.१ ला जोडलेलं असतं. गेटलोकलहोस्ट तोच आयपी देतो, पण तो कुठल्याच इंटरफेसवर नोंदलेला नसतो, म्हणून गेटबायइनेटॲड्रेस() नल देतं. 'एलओ' म्हणजे लूपबॅक, मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस; त्यावर १२७.०.०.१ असतो, आणि त्याला हार्डवेअर पत्ता नसतोच. ग्राहकाच्या मशीनवर होस्ट्स फाइल बदलत बसू नका. गेटनेटवर्कइंटरफेसेस() ने सगळी यादी घ्या. लूपबॅक, नल आणि सहा बाइट नसलेले पत्ते गाळा. जे उरतील ते सगळे ठेवा, क्रम लावून. 'यादीतला पहिला' कधीही घेऊ नका, क्रमाची हमी कुणीच देत नाही. तुमचा डॉकचा गोंधळ त्यातलाच: डॉकमध्ये स्वतःचं इथरनेट कार्ड असतं, आणि ते लागलं की गेटलोकलहोस्ट त्याचा आयपी देऊ शकतो.

इझव्हर्च्युअल() वर विसंबू नका. ते फक्त 'इथ०:१' सारख्या उप-इंटरफेसला खरं म्हणतं. व्हर्च्युअलबॉक्स किंवा डॉकरच्या (सॉफ्टवेअरनेच बनवलेल्या) कार्डांना ते बिनदिक्कत खोटं सांगतं.

छपाईचं: जावाचा बाइट चिन्हासकट असतो. ई४ म्हणजे २२८, पण जावाला तो उणे २८ दिसतो. टूहेक्सस्ट्रिंगला दिला की आधी ३२ बिटांचा होतो आणि पुढे सहा एफ चिकटतात. ०५ असेल तर उलट शून्य गळून नुसता ५ राहतो, म्हणजे स्ट्रिंगची लांबीही बदलते. स्ट्रिंग.फॉरमॅटमध्ये 'टक्का-शून्य-दोन-मोठा एक्स' वापरा, दोन्ही दुखणी जातात.

उत्तर – कर्नलकट्टा

लिनक्सवर आणखी एक खड्डा आहे. जावा तिथे फक्त आयपी असलेले इंटरफेस दाखवतं. केबल काढली, आयपी गेला, की कार्ड यादीतून गायब. सरळ /सिस/क्लास/नेट/ ही डिरेक्टरी वाचा. प्रत्येक इंटरफेसच्या फोल्डरमध्ये 'ॲड्रेस' नावाची फाइल असते, ती वाचायला रूट (ॲडमिन) हक्क लागत नाहीत. त्याच फोल्डरात 'डिव्हाइस' ही लिंक असेल तर खाली कुठल्यातरी बसवरचं उपकरण आहे. 'एलओ' आणि डॉकरच्या ब्रिजला ती नसते. लिंकच्या पूर्ण पाथमध्ये 'यूएसबी' दिसलं तर डॉक किंवा डोंगल समजा आणि सोडा.

शेजारची 'ॲडर_असाइन_टाइप' फाइलही बघा: ० म्हणजे कायमचा पत्ता, १ म्हणजे रँडम, २ म्हणजे दुसऱ्या उपकरणाकडून घेतलेला, ३ म्हणजे कुणीतरी बदललेला. बाँडिंग (अनेक कार्डं एकत्र जोडणं) असेल तर सगळी कार्डं सहसा एकच पत्ता दाखवतात. खरा पत्ता 'ईथटूल' कमांडला मोठा पी पर्याय दिला की मिळतो.

विंडोजसाठी निदान ही गाळणी लावा: पहिल्या बाइटचा २ किमतीचा बिट १ असेल तर पत्ता कारखान्यातला नाही. वायफायचे रँडम पत्ते यातच पकडले जातात. व्हर्च्युअल मशीनची कार्डं मात्र सुटतात, कारण त्यांचे उपसर्ग (पत्त्याचे पहिले तीन बाइट) रीतसर नोंदवलेले आहेत: व्हीएमवेअर ००:५०:५६ आणि ००:०सी:२९, व्हर्च्युअलबॉक्स ०८:००:२७, हायपर-व्ही ००:१५:५डी. त्यांना यादीत शेवटी ढकला, काढून टाकू नका. सॉफ्टवेअरच व्हीएममध्ये चालत असेल तर दुसरं काही हाती लागणार नाही.

उत्तर – चावीकुलूप

एकट्या मॅकवर लायसन्स टांगू नका. विंडोजमध्ये बऱ्याच कार्डांचा पत्ता ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधून बदलता येतो, कुणीही बदलेल. रजिस्ट्रीतला 'मशीनगुइड' आणि लिनक्सवरची 'मशीन-आयडी' फाइल (दोन्ही त्या मशीनचे ओळख-आकडे) सोबत घ्या. ३२ बिटांचा प्रोग्रॅम असेल तर रजिस्ट्रीचा ६४ बिटांचा भाग मुद्दाम मागावा लागतो, नाहीतर मशीनगुइड सापडत नाही. एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या मशीनांत हे दोन्ही आकडे सारखे निघू शकतात; तिथे मॅक कामी येतो. मशीन-आयडी जशीच्या तशी सर्व्हरला पाठवू नका, स्वतःच्या गुप्त कीसह हॅश (मूळ आकडा परत न काढता येणारा सांकेतिक आकडा) करून पाठवा.

ॲक्टिव्हेशनच्या वेळी सगळे पत्ते साठवा आणि नंतर त्यातला एक जरी जुळला तरी चालवा. सगळेच जुळायला हवेत असा हट्ट धरलात तर वायफाय कार्ड बदललेला प्रत्येक दुकानदार तुम्हालाच फोन करणार.

बिलबुक

सगळ्यांचे आभार. हेच अँड्रॉइड ॲपमध्ये करता येईल का?

लूपबॅक

नाही. अँड्रॉइड ६ पासून वायफायइन्फो सगळ्यांना ०२:००:००:००:००:०० हाच पत्ता देतं. अँड्रॉइड ११ पासून, ॲपचं टार्गेट एपीआय ३० किंवा वर असेल तर गेटहार्डवेअरॲड्रेस() नल देतं. तिथे अँड्रॉइड-आयडी (अँड्रॉइडने दिलेला ओळख-आकडा) वापरा. अँड्रॉइड ८ पासून तो ॲपच्या साइनिंग कीनुसार (ॲपवर डिजिटल सही करायची की) वेगळा असतो, म्हणून डीबग आणि रिलीज बिल्डमध्ये जुळला नाही तर घाबरू नका. फॅक्टरी रिसेटनंतर मात्र तो बदलतो, तेव्हा पुन्हा ॲक्टिव्हेट करायची सोय ठेवा.