अनुभव धागा: ठाण्याच्या घामात सेटिंग स्प्रे किती साथ देतो?

मे महिन्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं. नौपाड्यातलं कार्यालय, मुहूर्त दुपारी साडेबाराच्या पुढचा. माझा मेकअप मीच केला आणि घरातून निघताना सेटिंग स्प्रेचे, म्हणजे मेकअप टिकावा म्हणून शेवटी मारतात त्या स्प्रेचे, चांगले दहा-बारा फवारे मारले. अक्षता पडेपर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंचा बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, फाटला आणि कपाळावरून ओघळ उतरले. सगळ्या फोटोंत ते दिसतात, आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

तीच बाटली मैत्रिणीला उत्तम चालते, म्हणजे माझं वापरण्यातच काहीतरी चुकलं. म्हणून हा धागा. तुमची त्वचा कशी आहे, कुठे निघाला होतात, किती तास टिकलं आणि काय बिघडलं ते लिहा. बाटलीवरचे तास नकोत. ठाणे स्टेशनचा पूल चढून उतरल्यावर काय उरतं ते सांगा. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, कारण एकीला जे सोसत नाही ते दुसरीला छान सोसतं.

ऐरोलीत नोकरी, राहायला कळवा

माझी त्वचा मिश्र आहे, म्हणजे कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे. रोज कळव्याहून ठाणे, मग जिने चढून ट्रान्स-हार्बर लोकलचा प्लॅटफॉर्म, मग दिघा गाव सोडून ऐरोली. अंतर किरकोळ, पण गर्दीत घाम फुटतोच.

आधी मी सनस्क्रीन, फाउंडेशन, पावडर, स्प्रे असं सगळं दहा मिनिटांत उरकून चप्पल घालायचे. ऐरोलीला उतरेपर्यंत चेहरा चिकट व्हायचा. आता सनस्क्रीन लावते आणि डबा भरायला जाते. पंधरा मिनिटांनी त्यावर अगदी पातळ फाउंडेशन, तेही फक्त लागेल तिथे. शेवटी स्प्रे मारून दोन मिनिटं पंख्याखाली गप्प उभी राहते. ही दोन मिनिटं मी कधीच देत नव्हते. स्प्रेतलं पाणी आणि अल्कोहोल उडून गेल्यावरच त्याचा थर धरतो. ओला चेहरा घेऊन लोकलमध्ये शिरलं की तो धरायच्या आधीच पुसला जातो.

सर्वांत मोठा फायदा मला डागांच्या बाबतीत झाला. पूर्वी गर्दीत शेजारणीच्या पांढऱ्या कुर्त्याला माझा गाल लागला की मीच ओशाळायचे. आता रंग उतरत नाही. चष्म्याच्या नाकावरच्या खुणाही पुष्कळ कमी झाल्या. घाम मात्र येतोच. स्प्रेने घाम थांबेल अशी आशा धरू नका.

नवरीचे मेकअप करते, खारेगाव

११ वर्षं हे काम करते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दुकानात 'सेटिंग स्प्रे' म्हणून दोन वेगळ्याच गोष्टी मिळतात. एका प्रकारात पाणी, ग्लिसरीन, कोरफड असं काही असतं. त्याने पावडरचा भुरकटपणा जातो, सगळे थर एकजीव दिसतात, चेहरा टवटवीत वाटतो. पण पकड जवळजवळ नसते. दुसऱ्या प्रकारात थर धरणारे पॉलिमर असतात. बाटलीमागे पीव्हीपी किंवा अॅक्रिलेट्स कोपॉलिमर असे शब्द शोधा. अल्कोहोल उडतं आणि चेहऱ्यावर अगदी पातळ, लवचीक पापुद्रा राहतो. टिकण्यासाठी हवा हा दुसरा. आमच्यातले बरेच जण त्याला फिक्सरच म्हणतात. मेकअप टिकत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक मुलींच्या पिशवीत पहिला प्रकार निघतो.

आता क्रम. नवरीचा बेस मी एकदम थापत नाही. पातळ थर, वर टिशू दाबून जास्तीचं तेल काढायचं, मग एक-दोन फवारे आणि ते सुकू द्यायचे. मग लूज पावडर, तीही नाक, हनुवटी, कपाळ एवढ्यावरच दाबून. बाकीचा मेकअप झाल्यावर शेवटचे चार फवारे, दोन तिरपे एकमेकांना छेदून, एक कपाळावर आडवा, एक नाकावरून हनुवटीपर्यंत उभा. बाटली चेहऱ्यापासून वीतभर लांब. त्याहून जवळ धरली तर थेंब पडतात आणि थेंब पडला तिथे डाग उठतो. डोळे आणि ओठ मिटलेले. सुकेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही. नाहीतर हसण्याच्या रेषेतच थर बसतो. नवरीला हे जड जातं, कारण नेमकी तेव्हाच सगळी मामे-चुलत भावंडं खोलीत शिरतात.

नथ टेकते ती जागा आणि मुंडावळ्या घासतात त्या कानशिलांवर मी स्पंजवर स्प्रे घेऊन तो दाबून लावते. तिथे नुसता फवारा पुरत नाही.

आणि एक कळकळीने सांगते. या स्प्रेत अल्कोहोल असतं, पत्र्याच्या डब्यातल्या स्प्रेत तर वायूही ज्वलनशील असतो. औक्षणाचं तबक शेजारी पेटलेलं असताना फवारा मारू नका. मी निरांजन आधी खोलीबाहेर न्यायला लावते, मगच बाटली हातात घेते. घरची वडीलधारी मंडळी रागावली तरी चालतात.

धागा काढणारी

ताई, मग माझे दहा-बारा फवारे?

खारेगाव

तिथेच गडबड झाली गं. एवढ्या ओल्याने पावडरचा लगदा होतो आणि खालचा थर सरकतो. शिवाय मे महिन्यात दुपारी निघताना तुझ्या चेहऱ्यावर आधीच घाम असणार. घामावर मारलेला स्प्रे घामावरच बसतो, कातडीला धरत नाही. आधी घाम टिपून घे, पंख्याखाली बस, चेहरा गार होऊ दे, मग मार. आणि कार्यक्रमात घाम आला तर मलमलचा रुमाल घडी करून नुसता टेकव. पुसू नकोस.

वाशी, सेक्टर १७

गुलाबपाणी आणि ग्लिसरीन घरी मिसळून वर्षभर वापरलं. वास छान, खर्च नाही. पण पावसाळ्यात ग्लिसरीनमुळे चेहरा दिवसभर चिपचिपीत राहिला आणि मेकअप काही टिकला नाही. वरच्या ताईंचं वाचून कारण कळलं, त्यात थर धरणारं काही नव्हतंच. महिन्याभराने बाटलीच्या तळाला तारा दिसायला लागल्या, तेव्हा फेकून दिलं. घरी करायचंच असेल तर फार थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

एकांकिका करणारा मुलगा, ठाणे पूर्व

धागा मैत्रिणींचा आहे, तरी लिहितो, कारण आमच्याकडे मुलगेही तेवढाच मेकअप करतात. स्पर्धेच्या वेळी एकामागून एक प्रयोग, विंगेत उकाडा, वर दिव्यांची धग. आमच्या पहिल्या वर्षी कुणीतरी सुचवलं म्हणून केसांचा स्प्रे तोंडावर मारला. चेहरा ताठ झाला, पापण्यांशी चुरचुरायला लागलं आणि एका मुलाचे डोळे लाल असतानाच त्याची एन्ट्री झाली. केसांसाठी बनवलेला स्प्रे तोंडावर कधीही मारू नका. केसांना घट्ट धरणारं रसायन डोळ्यांशेजारच्या कातडीला झेपत नाही.

नंतर एका जुन्या रंगभूषाकार काकांनी शिकवलं. पॅनकेक, म्हणजे रंगमंचावरचा जाड बेस, लावायच्या आधी सुती कपड्यात बर्फ गुंडाळून चेहऱ्यावर फिरवायचा. त्याने थोडा वेळ घाम कमी येतो, तेवढ्यात बेस बसवून घ्यायचा. मग पावडर दाबायची, झटकायची आणि शेवटी रंगभूमीसाठीचा फिक्सर. बर्लिनच्या क्रायोलानचं नाव त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. ती कंपनी १९४५ साली रंगभूमीच्या मेकअपसाठीच सुरू झाली. असा फिक्सर कडक असतो, दोन तासांच्या प्रयोगाला उत्तम. रोज ऑफिसला मात्र मी तो वापरणार नाही.

करावे गाव, नेरुळ

आमच्याकडे आगरी हळद म्हणजे रात्र संपेपर्यंत नाच. भावाच्या हळदीला करवली म्हणून पूर्ण मेकअप, तोही फिक्सर मारून पक्का. बेंजोसमोर तीन तास नाचले तरी काही हललं नाही. मग काकीने तेलात कालवलेली हळद दोन्ही गालांना फासली आणि पाच मिनिटांत सगळं सुटून हातात आलं.

तेव्हा कोडं पडलं होतं, की तीन तासांच्या घामाला जे दाद देत नाही ते दोन बोटं हळदीने कसं गेलं? पुढे पार्लरवालीने समजावलं. हा थर पाण्याला बऱ्यापैकी टिकतो, पण तेल त्याच्या खालचा मेकअपच सोडवतं. म्हणून नाकाजवळ, जिथे आपलंच तेल सुटतं, तिथे आधी फाटतं. त्यामुळे आता हळदीला मी नुसतं काजळ, मस्कारा आणि ओठांना टिंट लावते. गाल काकीसाठी मोकळे ठेवते. लग्नाच्या दिवशी पूर्ण मेकअप.

खारघर

दमा आहे. बंद बाथरूममध्ये पत्र्याच्या डब्यातला स्प्रे मारला आणि खोकल्याची उबळ आली, इनहेलर घ्यावा लागला. आता पंपाच्या बाटलीतला, बिनवासाचा घेते. तोही खिडकी उघडून, श्वास रोखून आणि लगेच दोन पावलं मागे सरकून. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनीही त्याला खोलीबाहेर पाठवून मगच मारावा.

नेरुळ, वय ६२

मुलींनो, माझ्या वयाच्या बायकांना कुणी हे सांगत नाही म्हणून लिहिते. आमचं भजनी मंडळ वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात कार्यक्रमाला गेलं तेव्हा सुनेने तिचा मॅट फिक्सर मला मारला. तासाभरात चेहरा ओढल्यासारखा झाला, सुरकुतीन् सुरकुती मोजता येईल अशी दिसायला लागली. कोरड्या कातडीला अल्कोहोलचा स्प्रे आणि भरपूर पावडर दोन्ही नकोत. आता आधी मॉइश्चरायझर नीट मुरू देते, पावडर फक्त नाकाला, आणि वर अल्कोहोल नसलेला, ओलसर दिसणारा स्प्रे. तो सहा-सहा तास टिकत नाही, हे मान्य. पण मला अभंग म्हणताना मोकळं वाटतं, चेहरा ताणत नाही, आणि दोन तासांचा कार्यक्रम त्यात आरामात निघतो. सुनेने आता माझ्यासाठी वेगळी बाटली आणून ठेवली आहे.

ढोल-ताशा पथक, वर्तकनगर

विसर्जनाला सात-आठ तास ढोल कमरेला. पाऊस, घाम, गुलाल. पहिल्या वर्षी फाउंडेशन आणि स्प्रे दोन्ही लावलं. घामाबरोबर कपाळावरचं सगळं डोळ्यांत उतरलं आणि हात ढोलावर असल्यामुळे पुसताही येईना. आता कपाळावर काहीच लावत नाही. भुवया, काजळ, चंद्रकोर आणि गालांवर थोडा रंग, एवढ्यावर दोन फवारे. चंद्रकोर मात्र त्याने मस्त टिकते. रंगवून झाली की पातळ टिकलीसारखा कागद तिच्याभोवती धरून फवारा मारायचा, कडा फुटत नाहीत.

कोपरखैरणे

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

काढताना. नुसत्या फेसवॉशने हा थर जात नाही. मी आठवडाभर तसंच केलं आणि हनुवटीवर बारीक पुळ्यांची रांग आली. आधी क्लेन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटर, कापसाने दाबून, न घासता; मग फेसवॉश. करावेगावच्या ताईंनी तेलाचं लिहिलंय तेच इथे उपयोगी पडतं.

विकत घेताना. स्टेशनबाहेर एका स्टॉलवर परदेशी ब्रँडची बाटली निम्म्याहून कमी किमतीत मिळाली म्हणून घेतली. तीन दिवसांत मानेवर लाल चट्टे आले. घरी येऊन नीट पाहिलं तर बॅच नंबर नाही, तारीख नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही. बाहेरून आलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आपल्याकडचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता तो बघते. शिवाय उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम किंवा तसा आकडा असतो, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. आणि नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबते.

धागा काढणारी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझी बाटली काढून मागचा कागद भिंग घेऊन वाचला, पीव्हीपी आहे. म्हणजे बाटली बरोबर होती.

काल रविवारी मुद्दाम प्रयोग केला. सनस्क्रीननंतर पंधरा मिनिटं, पातळ बेस, टिशू, दोन फवारे, थोडी पावडर, वरून चार. दोन मिनिटं पंख्याखाली. मग गॅससमोर उभं राहून वीस पोळ्या केल्या आणि दुपारी जांभळी नाक्यावर भाजी आणायला गेले. सकाळी दहापासून संध्याकाळी चारपर्यंत कपाळ तीनदा टिपलं. नाकाच्या उजव्या बाजूला थोडं फाटलं, बाकी जागच्या जागी.

खारेगावच्या ताई, ती उजवी बाजू म्हणजे झोपेत उशीला टेकणारी, तिथे कातडी जरा सोललेली असते. तिथे आधी काय लावू? डिसेंबरात धाकट्या मावसबहिणीचं लग्न आहे.