रेपो कमी झाला, मग माझा गिल्ट फंड का पडला?

मांजलपूरकर:
बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतले तीन लाख मे २०२५ मध्ये गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांच्या म्युच्युअल फंडात टाकले. हिशेब सरळ होता: रिझर्व्ह बँक रेपो, म्हणजे बँकांना उसने देण्याचा दर, कमी करणार, रोख्यांचे भाव चढणार. ६ जूनला रेपो ६ वरून थेट ५.५० केला, लोक पाव टक्का धरून बसले होते. मी पेढे वाटायचेच बाकी होते. आणि नंतर एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटचा भाव, खाली! बाबा रोज सूरसागर तळ्याला फेरी मारून आले की विचारतात, "सरकारी होतं ना रे ते?" दहा वर्षांच्या रोख्याचा दर ठरवतं तरी कोण?

दांडियाबाजारचे काका:
अरे, कोणी एक जण ठरवत नाही. मी एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे रोखे घेणाऱ्या-विकणाऱ्या विभागात होतो, शुक्रवारी लिलाव असला की डबा हमखास गार व्हायचा. सरकारला पैसे हवेत, लिलाव रिझर्व्ह बँक घेते. बँका, विमा कंपन्या, पीएफवाले बोली लावतात. सगळ्यात कमी यील्ड (म्हणजे दिलेल्या भावावर पडणारा वार्षिक परतावा) मागणाऱ्यापासून वर वर जात रक्कम भरेपर्यंत बोली घेतात, शेवटची घेतली ती कट-ऑफ. गिऱ्हाईक कमी पडलं तर उरलेला माल घ्यायची हमी दिलेल्या प्रायमरी डीलरच्या गळ्यात. खंडेराव मार्केटात संध्याकाळी कोथिंबीर उरते तसंच, फक्त इथे फेकून देता येत नाही.

रोखा एकदा विकला की कूपन, म्हणजे त्याचं दरवर्षीचं व्याज, पक्कं. ६.३३ टक्क्यांचा २०३५ चा रोखा शंभराला ६ रुपये ३३ पैसेच देणार. बाजारात तो ९८ ला मिळाला तर घेणाऱ्याला सुमारे ६.६ पडतात. भाव खाली, यील्ड वर. एवढंच ते कोडं.

आता तुझा जून. रेपो ही बँकांची अगदी थोड्या दिवसांची उसनवारी. दहा वर्षांचा दर म्हणजे पुढे रेपो कुठे जाईल, महागाई किती, सरकार किती कागद विकेल, याचा सगळ्यांचा मिळून अंदाज. त्या दिवशी कपात मोठी दिली, पण धोरणाची भूमिका 'उदार' (दर कमी ठेवण्याकडे कल) वरून 'तटस्थ' (दर वर-खाली कुठेही जाऊ शकतो) केली आणि आता फारसा वाव उरला नाही असंही सांगितलं. कपातीचा भाव आधीच लागला होता. ताटातलं वाढून झालं आणि स्वयंपाकघर बंद, असं ऐकल्यावर पंगत उठणारच.

उलटंही होतं. २०२१ भर रेपो ४ वरून हलला नाही, तरी दहा वर्षांचं यील्ड ६ च्या खालून साधारण साडेसहाच्या जवळ गेलं.

अलकापुरी_एसआयपी:
काका, पण त्याच महिन्यात निफ्टी वर गेला. शेअरला हे लागू नाही का?

दांडियाबाजारचे काका:
लागू आहे, पण शेअरवर कूपन छापलेलं नसतं, ते तू मनाने धरतोस. पुढच्या वर्षी हाती ५ रुपये येणार, ते वर्षाला ७ टक्क्यांनी वाढणार आणि तुला १२ टक्के परतावा हवा, तर ५ भागिले ५ टक्के, भाव १००. रोख्यांचं यील्ड वर गेलं म्हणून तू १३ मागितलेस की भाव ८३. एका टक्क्यात १७ रुपये गेले! पण वाढीचा अंदाज ८ झाला की परत १००. जूनमध्ये शेअरवाले वाढीकडे बघत होते, रोखेवाले रेपोकडे.

आणि शेअर महाग की स्वस्त बघताना आजचा पीई, म्हणजे भाव भागिले नफा, जुन्या पीईशी डोळे मिटून ताडू नकोस. २०२१ च्या मार्चअखेर एनएसईने कंपनीच्या एकट्या नफ्याऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरला आणि निफ्टीचा पीई रातोरात ४० च्या आसपासवरून ३३ वर आला. भाव तेच होते.

मांजलपूरकर:
समजलं. पण काका, पैसे दीड वर्षात लागणारेत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाबांच्या गुडघ्यासाठी.

दांडियाबाजारचे काका:
मग दहा वर्षांच्या गाडीत बसलास कशाला? ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचाच थोड्या मुदतीचा कागद, घे. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर १०,००० पासून मिळतं, लिलाव बुधवारी. खातं बाबांच्या नावाने उघड, पॅन आणि बचत खातं त्यांचंच लागेल.